छंद की धंदा

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी
लव्हॉन टर्पस्ट्रा बुटांचं खोकं घेऊन येते.
खोक्यात वर्षभराच्या पावत्या, पावत्यांवर माती,
ऑगस्टमधली, ऑस्कालूसाच्या ट्रॅकवरची, काळी, चिवट.
माझ्या टेबलावर तिचा भुगा सांडतो.
"सॉरी," म्हणते ती, दर वर्षी, आणि पुसत नाही.

इंजिन: अडुसष्ट हजार.
दुसरं इंजिन, कारण पहिलं कायम कुठेतरी उघडून पडलेलं.
दर बारा रात्रींनी उघडायचं, दर खेपेला नऊ हजार.
उजवं मागचं टायर तीनशे दहा,
एका रात्रीत संपतं. डावं जरा सोशिक.
"बाईसारखं," लव्हॉन म्हणते,
आणि आम्ही दोघी हसत नाही.
मेथॅनॉलची पिंपं. ट्रेलरचं डिझेल.
पोरांना पिझ्झा, तेवीसशे. हा पगार धरायचा का?
हेल्मेटच्या काचेवरून ओढून फेकायच्या पारदर्शक पट्ट्या,
अकराशे डॉलर,
नुसतं पुढचं दिसावं म्हणून.

जमेला
बियाणे कंपनी चार हजार, गाडीच्या पंखावर नाव मोठं.
सेप्टिक टँक उपसणारा डिर्क, अडीच.
पेल्लाचे अंत्यसंस्कारवाले रोख देत नाहीत,
तंबू देतात, खुर्च्यांसकट.
जिंकलं तर पाच हजार. जिंकले दोनदा.
नुसते रांगेत उभे राहिले तरी तीनशे.
त्यातले चाळीस टक्के ब्रॉकचे, कारण मान त्याची.
टी-शर्ट मात्र सत्तावीस हजार!
म्हणजे गाडी पळते
ती शर्ट खपावेत म्हणून.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
हे इंग्रजीत कसं सांगावं
ते बावीस वर्षांत मला जमलेलं नाही.

तळाशी वहीचा एक फाटका कागद:
"वाकडा पत्रा. १४०."

जुलैत तिसऱ्या वळणावर गाडी पाच कोलांट्या खाऊन थांबली.
ब्रॉक आपल्या पायांनी बाहेर आला.
वेंडेल ट्रेलरच्या मागे जाऊन
उलट्या बादलीवर बसला, बराच वेळ.
तेवढ्यात एक पोरगं, बापाचं बोट धरून:
तो चेपलेला तुकडा विकायचा आहे का?
मग आणखी कुणी. मग रांगच.
ब्रॉक सह्या करत राहिला, हात थरथरत होता,
त्यामुळे एकही सही दुसरीसारखी नाही.
त्या रात्रीचं नुकसान एकवीस हजार.
मोडण्याचं उत्पन्न कुठल्या रकान्यात मांडायचं,
हे मला कुठल्या परीक्षेत आलं नव्हतं.

सरकारला मात्र साधंच हवं असतं:
तोटा किती वर्षं? नफ्याचा इरादा आहे ना?
धंदा, की छंद?

आमच्याकडे आणखी एक शब्द आहे. नाद.
कानाला ऐकू येतो तोही,
आणि ज्याच्यापायी घर बसतं तोही.
त्याला फॉर्मवर चौकोन नाही.

जूनमध्ये मी गेले होते, वीस डॉलरचं तिकीट काढून
(ते माझ्या कुठल्या खात्यात, विचारू नका).
चोवीस गाड्या एकदम सुटल्या
आणि आवाज कानात नाही, दाढांत शिरला.
टायरचा दर मला आठवेना.
एक ढेकूळ उडून लिंबू सरबतात पडलं.
मी ते तसंच प्याले.

"धंदा" वर खूण करते. लव्हॉन सही करते,
दारात थांबते. "उजवी टायरं महागलीत, कळलं का?"
कळलं.

ती गेल्यावर फडकं काढते, बाजूला ठेवते.
आधी बेरीज पुन्हा करून बघते.
वजा तेहतीस हजार सहाशे बारा.
बरोबर आहे.